जुनं परत घ्या, पण कोणाच्या हातून?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बहुतेक घरांतले माळे, कपाटं आणि पलंगाखालची खोकी रिकामी करून झालेली असतील. दसरा ते दिवाळी या दिवसांतली ही आवराआवर अजूनही बाईच्याच नावावर जमा आहे, याबद्दल आपण या पानांवर पुष्कळदा बोललो आहोत. या वेळी मला त्या माळ्यावरून खाली काय येतं, त्याबद्दल बोलायचं आहे. पूर्वी तिथून कल्हई गेलेली पातेली, फुटक्या बरण्या आणि जुन्या गोधड्या निघायच्या. आता जळालेला मिक्सर निघतो, पाठीला कुबड असलेला जुना टीव्ही निघतो, कॅसेट प्लेअर, बंद पडलेले चार-पाच मोबाइल, त्यांचे दहा चार्जर आणि वायरींचा एक मोठा गुंता निघतो. यांचं काय करायचं हे ठरवणंही बाईच्याच वाट्याला येतं. घरातला पुरुष 'देऊन टाक भंगारात' म्हणून मोकळा होतो.

हल्ली त्याला एक नवं उत्तर मिळू लागलं आहे. जाहिरातीत, दुकानात, खोक्यावर कंपन्याच आपल्याला सांगतात, 'जुनं आम्हाला परत द्या, आम्ही त्याची योग्य विल्हेवाट लावू.' ऐकायला बरं वाटतं. काही जणींनी आम्हाला पत्रं लिहून विचारलं आहे, की आमच्या गटाने वस्तीत असा उपक्रम घ्यावा का, कंपन्यांच्या या योजनांवर विश्वास ठेवावा का. या प्रश्नाला होय किंवा नाही असं एका शब्दाचं उत्तर देता येणार नाही. म्हणून हे संपादकीय.

जुनं देऊन नवं घेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. दुपारच्या वेळी दारात येणाऱ्या बोहारणीला आपल्या आयांनी जुनी लुगडी देऊन स्टीलची भांडी घेतली आहेत. घासाघीस दोन बायकांमध्ये व्हायची, आणि लुगडं पुढे कुणाच्या तरी अंगावर किंवा गोधडीत जायचं. त्या लुगड्यात विष नव्हतं. माळ्यावरच्या टीव्हीत आहे. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं आहे, ट्यूबलाइटमध्ये पारा आहे, जुन्या चार्जिंगच्या सेलमध्ये कॅडमियम आहे, आणि वायरीवरचं प्लास्टिक जाळलं की त्यातून डायॉक्सिन नावाचं अतिशय घातक रसायन निघतं. वस्तू घरात वापरात असेपर्यंत हे सगळं आत बंद असतं. ती फोडली, जाळली, ॲसिडमध्ये बुडवली की बाहेर येतं. म्हणजे धोका वस्तू घरातून बाहेर गेल्यावर सुरू होतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरात सुरू होतो.

कंपनीने आपली वस्तू परत घ्यावी, हा विचार न्यायाचा आहे हे आधी स्पष्टपणे म्हणायला हवं. १९९० च्या सुमारास स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट या अभ्यासकाने तो नीट मांडला. त्याचं म्हणणं साधं होतं. ज्याने वस्तू बनवली आणि विकून नफा मिळवला, त्यानेच तिच्या शेवटाचाही खर्च उचलावा. तो खर्च अंगावर पडला, की मग कंपनी मुळातच कमी विषारी, जास्त टिकणारी आणि सहज सुटी करता येणारी वस्तू बनवेल. जपानने २००१ पासून टीव्ही, फ्रिज, धुलाईयंत्र आणि वातानुकूलन यंत्र यांच्यासाठी असा कायदा लागू केला, पुढे युरोपातही तो आला. आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली झाले आणि २०१२ च्या मे महिन्यात लागू झाले. त्यानंतर २०१६ साली आणि पुन्हा २०२२ साली नवे नियम आले. सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांनुसार वस्तू बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांना ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याचं पुनर्चक्रीकरण करून दाखवावं लागतं. सुरुवातीला ६० टक्के, मग ७०, आणि पुढे ८० टक्क्यांपर्यंत.

हा विचार फक्त परदेशी अभ्यासकांचा आहे असंही नाही. आपल्या पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी तो स्वतःच्या अनुभवातून मांडला आहे. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघडेच कचऱ्यात टाकले जात, आणि ते हातांनी वेगळे करण्याची पाळी या बायकांवर येई. २०१३ साली महिला दिनाच्या निमित्ताने 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने वापरलेल्या नॅपकिनच्या पिशव्या भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिल्या. तुमचा माल, तुम्हीच परत घ्या. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत, नॅपकिनसोबत गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी कंपन्यांवर घालण्यात आली. कंपनीच्या दारात तिचा माल परत नेऊन ठेवणारं याहून ठसठशीत आंदोलन मला तरी माहीत नाही. आणि ते घाण उचलणाऱ्या बायकांनी केलं, हे विसरून चालणार नाही.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण अगदी रोजच्या व्यवहारातली. गेल्या वर्षी आमच्या कार्यालयातला जुना संगणक आणि प्रिंटर काढायचं ठरलं. कंपनीच्या 'जुनं परत' योजनेचा नंबर शोधून मी फोन केला. आधी यंत्राशी बोलणं झालं, मग माणसाशी. त्यांनी वजन विचारलं. एवढ्या कमी वजनासाठी गाडी येत नाही म्हणाले. केंद्रावर आणून द्या म्हणाले, आणि केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. रिक्षाचं भाडं आमच्याच खिशातून. पुन्हा फोन करतो म्हणाले, तो फोन काही आला नाही. याउलट गल्लीतला भंगारवाला हाक मारल्यावर दहा मिनिटांत काटा घेऊन येतो, वर हातावर पैसे ठेवतो. पुनर्चक्रीकरणाची जाहिरात कितीही देखणी असो, चौथ्या मजल्यावरून टीव्ही खाली उतरवून नेणारा माणूस तिच्यात नसेल, तर लोक भंगारवाल्यालाच बोलावणार. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आकडेही हेच सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद नाही. आपल्या देशात सरकारी हिशेबाने २०२२-२३ मध्ये सुमारे १६ लाख टन ई-कचरा झाला. त्याच्या आदल्या वर्षी जेमतेम एक तृतीयांश कचऱ्यावर रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद होती. उरलेला कुठे गेला? तो हवेत विरला नाही. तो माणसांच्या हातांतून गेला.

त्या हातांचा माग काढला की बाई दिसते. आपल्या दारातून किंवा कचराकुंडीतून वस्तू उचलणारी कचरावेचक बाई असते. ती भंगारच्या दुकानात वजनावर विकते. तिथून माल छोट्या व्यापाऱ्याकडून मोठ्याकडे जातो. मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी इथे तो सुटा होतो. पुष्कळ माल उत्तरेला दिल्लीच्या सीलमपूरला आणि सर्किट बोर्ड मुरादाबादला जातात. यंत्रं फोडणं, व्यापार करणं, सोन्या-तांब्याचा भाव ठरवणं ही कामं बहुतेक पुरुषांकडे असतात. वायरींचं प्लास्टिक सोलून तांबं काढणं, बोर्डावरचे बारीक भाग उपटून काढणं, रंगाप्रमाणे आणि जातीप्रमाणे निवडणं हे काम बायकांच्या वाट्याला येतं. ते पुष्कळदा घरीच चालतं. सकाळी गोणी टाकून जातात, संध्याकाळी किलोवर पैसे मिळतात. बिडी, पापड, लेबलं चिकटवणं, मणी ओवणं या घरबसल्या कामांशी आपली चळवळ किती वर्षं झगडते आहे! हे त्याच माळेतलं काम आहे. ते चुलीजवळ बसून, पोराला मांडीवर घेऊन केलं जातं आणि 'फावल्या वेळातलं' समजलं जातं. फरक इतकाच की इथे पिठाऐवजी शिशाची धूळ उडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे, की जगभरात १ कोटी २९ लाख स्त्रिया असंघटित कचरा क्षेत्रात काम करतात, आणि ई-कचऱ्यातल्या विषाचा धोका त्यांना आणि त्यांच्या पोटातल्या मुलांना आहे. याचा अर्थ शरीराच्या भाषेत समजून घेऊ या. शिसं श्वासातून आणि हाताला लागून पोटात जातं आणि हाडांत साठून राहतं. बाई गरोदर राहिली, की बाळाच्या वाढीसाठी तिच्या हाडांतला कॅल्शियम रक्तात उतरतो. त्याच्यासोबत वर्षानुवर्षं साठलेलं शिसंही उतरतं आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. डायॉक्सिन चरबीत साठतं आणि अंगावरच्या दुधातून उतरतं. म्हणजे लग्नाआधी मुलीने केलेलं काम तिच्या मुलाच्या अंगात निघू शकतं. हे कुठल्या कंपनीच्या ताळेबंदात लिहिलेलं असतं?

आता नियमांकडे पाहू. २०१६ च्या नियमांत संकलन केंद्रं आणि वस्तू सुट्या करणारे यांची वेगळी नोंद होती. २०२२ च्या नियमांत नोंदणी चौघांचीच आहे: वस्तू तयार करणारा, ती बाजारात आणणारा, दुरुस्त करून पुन्हा विकणारा आणि पुनर्चक्रीकरण करणारा. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण कारखाना कचऱ्यातून सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड काढतो, त्या धातूंच्या हिशेबाने त्याला प्रमाणपत्रं मिळतात, आणि ती प्रमाणपत्रं विकत घेतली की कंपनीची जबाबदारी पूर्ण झाली असं मानलं जातं. सगळं संगणकावर, सगळं स्वच्छ. पण वस्तू कुणी उचलली, कुठून आणली, किती हातांतून आली, त्या हातांना काय मिळालं, याबद्दल प्रमाणपत्र काहीच बोलत नाही. धातूला भाव आहे म्हणून धातूची मोजणी आहे. शिशाच्या काचेला आणि जळक्या प्लास्टिकला भाव नाही, ते नाल्यात गेलं तरी कुणाचं प्रमाणपत्र अडत नाही.

कागदावरच्या जबाबदारीचं काय होतं हे आपण प्लास्टिकच्या बाबतीत पाहिलं आहे. तिथेही अशीच प्रमाणपत्रांची पद्धत आहे. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रं उघडकीला आली, आणि ती देणाऱ्यांत महाराष्ट्रातलेही कारखाने होते. ई-कचऱ्याच्या बाबतीत सरकारने कारखान्यांना द्यायचा किमान दर ठरवला. ग्राहकोपयोगी विद्युत वस्तूंसाठी तो किलोला २२ रुपये आहे. तर २०२५ साली काही बड्या कंपन्या हा दर परवडत नाही म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ज्या वस्तू हजारो रुपयांना विकल्या, त्यांच्या शेवटासाठी किलोला बावीस रुपये जड झाले! आणि लक्षात घ्या, हा दर कारखान्याला मिळायचा आहे. वायर सोलणाऱ्या बाईसाठी कुठलाच किमान दर नियमांत नाही.

परत घेण्याची योजना प्रामाणिकपणे चालली, तरी तेवढ्याने काम करणाऱ्याचं भलं होतंच असंही नाही. अमेरिकेत एका बड्या संगणक कंपनीचे परत आलेले संगणक २००३ सालापर्यंत तुरुंगातल्या कैद्यांकडून फोडून घेतले जात होते. त्या तुरुंग-उद्योगात कैदी आणि कर्मचारी यांना शिसं आणि कॅडमियमचा संसर्ग झाल्याचं सरकारच्याच चौकशीत २०१० साली पुढे आलं. कंपनीने वस्तू परत घेतली होती, ग्राहक समाधानी होता, आणि हातोडा मात्र ज्याला नाही म्हणण्याचा अधिकार नाही अशाच माणसाच्या हातात दिलेला होता.

आणि वस्तूच्या जन्माची कथा तरी कुठे वेगळी आहे? तैवानमध्ये ताओयुआन इथे आरसीए या अमेरिकन कंपनीचा टीव्हीचे भाग बनवणारा कारखाना १९७० ते १९९२ पर्यंत चालला. तिथे प्रामुख्याने खेड्यांतून आलेल्या तरुण मुली काम करत. कारखान्यातली रसायनं जमिनीत मुरली, विहिरीच्या पाण्यात उतरली, आणि तेच पाणी वसतिगृहातल्या मुली पीत होत्या. पुढे अनेकींना कर्करोग झाला. दरम्यान कंपनी एका हातातून दुसऱ्या हातात विकली गेली होती. कामगारांच्या संघटनेने २००४ साली दावा लावला, २०१५ साली पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यातल्या अनेकींची भरपाई कायम केली. तोवर काही जणी हयात नव्हत्या. मुलींची नाजूक बोटं बारीक कामाला बरी, असं म्हणून जगभर या उद्योगाने बायकांना कामावर घेतलं. तीच 'नाजूक बोटं' आता वस्तूच्या शेवटी वायरी सोलायला बरी ठरली आहेत. मग कंपनीची जबाबदारी वस्तूपाशी थांबते कशी? ती बनवणाऱ्या आणि मोडणाऱ्या बाईपर्यंत ती पोचायला नको का?

इथे दोन सोपी उत्तरं आपल्यासमोर ठेवली जातात, आणि मला दोन्ही मान्य नाहीत. एक उत्तर सरकारी. असंघटित धंदा बेकायदेशीर आहे, छापे टाका, बंद करा, सगळं मोठ्या कारखान्यांकडे द्या. छाप्याने भट्टी एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत जाते, आणि ज्या बाईची मजुरी बुडाली तिला कारखान्यात कुणी बोलावत नाही. दुसरं उत्तर कधीकधी आपल्याच कार्यकर्त्या देतात. गरिबाचं पोट आहे, चाललंय ते चालू द्या. पण ॲसिडची बादली आणि वायरींची होळी हा कुणाच्याही पोटापाण्याचा हक्क असू शकत नाही. पोटाचं कारण पुढे करून जोखीम बायकांच्या अंगावर ढकलणं ही तर जुनीच चाल आहे. विषारी काम थांबायला हवं आणि बाईचा रोजगार टिकायला हवा, या दोन्ही मागण्या आपण एकदमच केल्या पाहिजेत.

हे शक्य आहे का? आहे. कामाची नीट वाटणी केली तर. वस्तू गोळा करणं, निवडणं, चालू-बंद तपासणं, स्क्रू काढून केसिंग, मोटर, वायर वेगळी करणं ही कामं हातमोजे, मुखपट्टी, हवेशीर शेड आणि थोडं प्रशिक्षण असेल तर बायकांच्या सहकारी संस्था करू शकतात. बोर्डातून धातू काढणं, शिशाची काच, पाऱ्याच्या ट्यूब, बॅटऱ्या यांचं काम योग्य यंत्रणा असलेल्या कारखान्यातच व्हायला हवं. जोडणी करायची ती या दोघांची, आणि खर्च कंपनीने द्यायचा.

पुण्याचा अनुभव इथे पुन्हा उपयोगी पडतो. १९९३ साली बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरावेचक बाईला पोलीस चोर समजत आणि सोसायटीवाले दारात उभं करत नसत. तिच्या सदस्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही मुख्यतः दलित समाजातल्या. त्यांनी आधी महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवली. कचरा वेचणं हे काम आहे, त्याने शहराचे पैसे वाचतात, हे हिशेबाने सिद्ध केलं. मग २००८ साली 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करण्याचं काम हाती घेतलं. घरातल्या जुन्या वस्तू आणि ई-कचरा गोळा करण्याचे उपक्रमही या संस्थेने केले आहेत. सगळे प्रश्न सुटले असं नाही, करार टिकवण्यासाठीही या बायकांना वारंवार लढावं लागलं आहे. पण जी बाई रोज दारात येते, जिला घरातल्या बाया नावाने ओळखतात, तिच्याइतकं उत्तम संकलन केंद्र कोणती कंपनी उभारणार?

आणि यासाठी कायद्यात जागाही आहे, ही गोष्ट पुष्कळ गटांना माहीत नाही. २०१६ च्या आणि २०२२ च्या, दोन्ही नियमांनी राज्य सरकारवर एक कर्तव्य टाकलं आहे. ई-कचरा सुटा करण्याच्या आणि पुनर्चक्रीकरणाच्या कामात असलेल्या कामगारांची ओळख आणि नोंदणी करायची, त्यांचे गट बांधायला मदत करायची, त्यांना कौशल्याचं प्रशिक्षण द्यायचं, आणि दरवर्षी पाहणी करून त्यांच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची हमी घ्यायची. शब्द चांगले आहेत. पण घरात बसून वायर सोलणारी बाई 'कामगार' म्हणून या नोंदणीत आल्याशिवाय ते तिच्यापर्यंत पोचणार नाहीत. घरकामगार, बिडी कामगार, कचरावेचक, प्रत्येकीला कामगार म्हणवून घेण्यासाठी आधी लढावं लागलं. ही नोंदणी कुणी आपणहून करून देईल अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

म्हणून येत्या वर्षात गटांनी काय करता येईल, याबद्दल काही सूचना मांडते.

वस्तीतल्या आणि सोसायटीतल्या बायकांशी आधी घरच्या गोष्टी बोलू या. वस्तू जितकी दुरुस्त होईल तितकी करून घ्यायची. नवी घेताना सुटे भाग किती वर्षं मिळतील हे दुकानदाराला विचारायचं. टाकायची वेळ आली तर ती अखंड द्यायची. तांब्याच्या लोभाने वायर जाळायची नाही, मोबाइलची बॅटरी फोडायची किंवा ओल्या कचऱ्यात टाकायची नाही. दाबली किंवा भोसकली गेलेली बॅटरी पेट घेते, आणि तेव्हा ती कचरावेचक बाईच्या पोत्यात किंवा तिच्या घरात असते.

तिमाहीतून एकदा वॉर्डात संकलनाचा दिवस ठेवू या, पण कचरावेचक बायकांना सोबत घेऊन आणि त्यांच्या श्रमाचे पैसे ठरवून. कंपनीने गाडी पाठवावी, माल तोलून पावती द्यावी, गोळा करणाऱ्या संस्थेला किलोमागे मोबदला द्यावा. महाविद्यालयातल्या मुलींनी हौसेने एक दिवस फुकट काम करून द्यायचं आणि कंपनीने त्याचे फोटो छापायचे, असल्या कार्यक्रमात आपण पडायचं नाही. बायकांच्या फुकट श्रमावर समाजसेवा उभी करण्याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.

कंपन्यांना पत्रं लिहू या. तीन प्रश्न पुरेत. आमच्या जिल्ह्यात तुम्ही वस्तू घरून उचलता का? ती पुढे कोणत्या कारखान्यात जाते? गोळा करणाऱ्या आणि सुटं करणाऱ्या माणसांना तुम्ही काय देता? उत्तर आलं नाही तर त्याचीही नोंद ठेवू या. ज्या कंपन्या बुडाल्या किंवा ज्यांचं नावही उरलं नाही, त्यांच्या टीव्ही-फ्रिजना २०१६ च्या नियमांनी 'अनाथ वस्तू' म्हटलं होतं. त्यांचा भार आज धंद्यात असलेल्या कंपन्यांनी मिळून उचलावा, ही मागणीही त्यात असावी.

आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकू या. नियमांनुसार आजवर ई-कचऱ्यातल्या किती कामगारांची नोंदणी झाली, त्यात स्त्रिया किती, वार्षिक पाहणी केव्हा झाली, त्याच्या प्रती द्या. ज्या वस्त्यांत हे काम चालतं तिथल्या बायका आणि मुलांच्या रक्तातलं शिसं सरकारी दवाखान्यात मोफत तपासून मिळावं, ही मागणी आरोग्य खात्याकडे करू या. एका जिल्ह्यातून एक अर्ज गेला तर तो फायलीत राहील. पंधरा जिल्ह्यांतून गेले तर उत्तर द्यावं लागेल.

'जुनं परत घ्या' ही मागणी आपली आहे. ती कंपन्यांच्या जाहिरात विभागाच्या हाती सोडून देऊ नये असं मला वाटतं. त्यांच्या जाहिरातीत एक हिरवं झाड असतं आणि हसरं कुटुंब असतं. त्यात काटा घेऊन येणारी, पोतं उचलणारी, वायर सोलणारी बाई कुठेच नसते. तिचं नाव नोंदणीत, तिची मजुरी हिशेबात आणि तिचं आरोग्य कंपनीच्या खर्चात धरलं गेलं, तरच या योजनेला जबाबदारी म्हणता येईल.

तुमच्या गावात, वस्तीत हे काम कोण करतं, कुठे करतं, काय दर मिळतो, हे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात या पत्रांसाठी पानं राखून ठेवली आहेत. लिहिता येत नसेल तर सांगा, आमच्यापैकी कुणीतरी येऊन ऐकून घेईल.

तुमची,
संपादिका